त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा बालवर्ग

जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर तुम्ही लहानाचे मोठे झाला असाल, तर तुमची पहिली शाळा बहुतेक अंगणवाडीच. तिथे काय शिकलात, आठवतंय? नाही ना! तरी डोक्याची बरीच बांधणी त्याच वयात झाली. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात येऊन ताराबाई मोडकांनी करून दाखवली.

ताराबाई १८९२ च्या, मुंबईत जन्मलेल्या. १९१४ ला बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. मग लहान मुलीला घेऊन राजकोटला नोकरी, आणि पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम. तिथे मॉन्टेसरी पद्धत हाती लागली. तीन वर्षांचं मूल सांगून शिकत नाही; ते ओततं, रचतं, चाचपतं. आधी बोटं, डोळे, कान, अक्षरं-आकडे नंतर. १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ निघाला. मुंबईत नाव झालं. इथे थांबल्या असत्या तरी चाललं असतं.

पण १९४५ ला, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. सोबत पस्तिशीच्या अनुताई वाघ. बालवाडी उघडली, तर गरीब वस्तीतली पोरं येईनात! कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कुणी गुरांमागे. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आधी पोरांची अंघोळ, वेणीफणी, मग गाणी-खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधनं इथे कशी परवडणार? त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. मोजणं तेच, खर्च शून्य.

सायकॉलॉजीवाले सांगतात, नवी माहिती झटपट पकडण्याचा वेग आपल्या वयात, विशीच्या आसपास, टॉपला असतो. मग हळूहळू उतरतो. शब्दांचा आणि अनुभवाचा साठा मात्र पुढे कितीतरी वर्षं वाढत राहतो. ताराबाईंना असले ग्राफ कुणी दाखवले नव्हते. वीस वर्षं घोटलेली पद्धत पन्नाशीनंतर मोडून नव्याने जोडायची, हे मला तरी आपल्या रात्रभर जागून मारलेल्या घोकंपट्टीपेक्षा अवघड वाटतं.

१९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली पोरं गुरं चारायला जायची, म्हणून शाळाही कुरणात भरली. तिचं नाव कुरणशाळा. १९६२ ला ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. देशभर अंगणवाड्या नेणारी सरकारी योजना सुरू झाली, ती २ ऑक्टोबर १९७५ ला.