बाळासाहेब खेर

बाळ गंगाधर खेर ऊर्फ बाळासाहेब खेर (जन्म : रत्नागिरी, २४ ऑगस्ट १८८८, मृत्यू : पुणे, ८ मार्च १९५७) हे वकील, काँग्रेसचे नेते आणि मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९३७ ते १९३९ आणि १९४६ ते १९५२ अशा दोन कालखंडांत त्यांनी प्रांताच्या मंत्रिमंडळाचे नेतृत्व केले. भारताची राज्यघटना लागू झाल्यावर या पदाचे नाव मुख्यमंत्री असे झाले आणि खेर हे मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री ठरले.

पूर्वायुष्य

खेर यांचे शालेय शिक्षण पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाले. १९०८ मध्ये ते बी.ए. झाले. कायद्याचे शिक्षण घेतल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बीमन यांचे सचिव म्हणून त्यांनी काही काळ काम केले. १९१८ मध्ये त्यांनी मणिलाल खेर ही सॉलिसिटरांची पेढी सुरू केली. १९२२ नंतर ते स्वराज्य पक्षाच्या कामात उतरले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला.

पदाची पार्श्वभूमी

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. हा भाग १ एप्रिल १९३७ पासून अमलात आला. निर्वाचित विधिमंडळाला जबाबदार असणाऱ्या मंत्रिमंडळाचा प्रमुख हे पद तेव्हा प्रथमच निर्माण झाले. त्या काळी त्याला पंतप्रधान म्हणत. सिंध वेगळा झाल्यानंतरही मुंबई प्रांतात मराठी, गुजराती आणि कन्नड असे तीन भाषिक प्रदेश होते.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या १७५ पैकी ८६ जागा जिंकल्या. गव्हर्नरांनी आपले विशेषाधिकार दैनंदिन कारभारात वापरू नयेत, अशी हमी काँग्रेसने मागितली. ती न मिळाल्याने पक्षाने मंत्रिमंडळ बनवण्यास नकार दिला. त्यामुळे साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ सत्तेवर आले. काँग्रेसने भूमिका बदलल्यावर कूपर यांनी पद सोडले आणि १९ जुलै १९३७ रोजी खेर यांनी सूत्रे हाती घेतली.

नेतेपदाचा वाद

मुंबई शहरातील काँग्रेसचे लोकप्रिय नेते खुर्शेद नरिमन यांना नेतेपद मिळेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. विधिमंडळ पक्षाने मात्र खेर यांची निवड केली. वल्लभभाई पटेल यांनी आपल्याविरुद्ध वजन वापरल्याचा आरोप नरिमन यांनी केला. महात्मा गांधी व डी. एन. बहादुरजी यांनी चौकशी केली. निष्कर्ष नरिमन यांच्या विरोधात गेला. या प्रकरणामुळे प्रांतिक मंत्रिमंडळाचा प्रमुख ठरवताना आमदारांचे मत निर्णायक असते की पक्षश्रेष्ठींचे, हा प्रश्न आरंभापासूनच चर्चेत आला.

पहिले मंत्रिमंडळ (१९३७–१९३९)

खेर यांनी शिक्षण खाते स्वतःकडे ठेवले. कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे गृह, अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे अर्थ, मोरारजी देसाई यांच्याकडे महसूल, तर डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे आरोग्य खाते होते. काँग्रेसच्या धोरणानुसार मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपये वेतन घेतले. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारजमा झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत करण्यात आल्या. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. दारूवरील उत्पन्न बुडाल्यामुळे शहरी स्थावर मालमत्तेवर नवा कर बसवावा लागला. त्यास बराच विरोध झाला.

शेतकरी व कामगारांच्या प्रश्नांवर या मंत्रिमंडळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा सामना करावा लागला. कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कुलाबा, ठाणे, रत्नागिरी आदी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला आणि आंबेडकरांसह शिष्टमंडळाने खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. खोती मात्र या मंत्रिमंडळाच्या काळात रद्द झाली नाही. पनवेल, अलिबाग हे तालुके असलेल्या कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात त्याच सुमारास चरी येथील कुळांचा नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील संप चालू होता. संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक विवाद कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला. त्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला.

भारतीयांना न विचारता देशाला दुसऱ्या महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे पायउतार झाली. त्यांत खेर यांचेही मंत्रिमंडळ होते. त्यानंतर १९४६ पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नरांकडे राहिला. या काळात खेर यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासींसाठी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. १९४२ च्या आंदोलनात ते पुन्हा तुरुंगात गेले.

दुसरे मंत्रिमंडळ (१९४६–१९५२)

३० मार्च १९४६ रोजी खेर दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. मोरारजी देसाई, वैकुंठभाई मेहता, गुलझारीलाल नंदा, गणपतराव तपासे आदींचा या मंत्रिमंडळात समावेश होता. हरिजनांना मंदिरे खुली करणारा कायदा व प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९४७ मध्ये, तर कुळकायदा १९४८ मध्ये झाला. १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा मंजूर झाला. म्हणजे ज्या मागणीसाठी शेतकरी ११ वर्षांपूर्वी खेर यांच्याकडे गेले होते, ती त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत मान्य झाली. १९४९ चा दारूबंदी कायदाही याच काळातला असून १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली. गव्हर्नरांचे गणेशखिंडीतील निवासस्थान विद्यापीठाला देण्यात खेर यांचा पुढाकार होता. संस्थानांच्या विलीनीकरणामुळे याच वर्षांत कोल्हापूर, बडोदे आदी प्रदेश मुंबईत आले आणि प्रांताचा विस्तार वाढला.

उत्तरायुष्य

एप्रिल १९५२ मध्ये खेर यांच्यानंतर मोरारजी देसाई मुख्यमंत्री झाले. खेर १९५२ ते १९५४ या काळात लंडन येथे भारताचे उच्चायुक्त होते. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९५५ मध्ये नेमलेल्या पहिल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोगाने १९५६ मध्ये अहवाल सादर केला. ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मुंबईतील वांद्रे परिसरातील खेरवाडी या वसाहतीला त्यांचे नाव आहे. खेर यांनी भूषवलेले पद १९५६ मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले आणि १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावर त्याची परंपरा महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांच्या मुख्यमंत्रिपदांत विभागली गेली.