विनोबांनी औषध कधी घेतले, कधी सोडले

पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यात गागोदे नावाचे गाव आहे. आज रायगड आणि त्या काळी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील या गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखू लागला. भूदान, गीताई आणि गीता प्रवचने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र स्वतःच्या शरीराशी आणि औषधांशी त्यांचे नाते कसे होते, हा विषय मागे पडतो. घराघरांत आजी-आजोबांच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो, अशा काळात तो पुन्हा पाहण्यासारखा आहे.

गागोद्याच्या घरात आजोबा शंभुराव यांची व्रतवैकल्ये चालत. चांद्रायण व्रतात चंद्राच्या कलेप्रमाणे रोज एकेक घास वाढवायचा आणि मग एकेक कमी करायचा. अन्न मोजून खाण्याचा हा संस्कार विनोबांवर लहानपणीच झाला आणि तो शेवटपर्यंत टिकला.

जून १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. प्रकृती मुळात किरकोळ. पुढच्याच वर्षी रजा घेऊन ते वाईला गेले. संस्कृतचा अभ्यास हा एक हेतू होता, तब्येत सुधारणे हा दुसरा. लांबवर चालणे, सूर्यनमस्कार, दळण दळणे आणि साधा, मसाल्याविना आहार असा क्रम त्यांनी ठेवला आणि त्याचा हिशेब गांधीजींना कळवला.

१९३८ साली मात्र प्रकृती अगदीच ढासळली. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोंवर आले. गांधीजींनी बोलावून घेतले, स्वतः शुश्रूषा करण्याची तयारी दाखवली, डॉक्टरांचे नाव सुचवले, थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला दिला. विनोबांनी यातले काहीच न स्वीकारता वर्ध्याजवळच्या पवनारची निवड केली. धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता. तिथे जाताना साऱ्या कामांची चिंता त्यांनी मनातून उतरवून ठेवली. मग शेतात खणण्याचे काम सुरू केले, तेही एकदम नव्हे. सुरुवात काही मिनिटांपासून करून वेळ हळूहळू वाढवत नेली. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत गेले. विश्रांती, आहार आणि बेताबेताने वाढवलेला व्यायाम एवढ्यावर त्यांचे शरीर सावरले.

अशा अनुभवांमुळे औषधाविना भागते, असा त्यांचा विश्वास पक्का झाला. त्याची खरी परीक्षा भूदान यात्रेत झाली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात झाली आणि पोटाच्या व्रणाचा त्रास असतानाही विनोबा गावोगाव चालू लागले. डिसेंबर १९५२ मध्ये, तेव्हाच्या बिहारमधील चांडिल येथे त्यांना गंभीर स्वरूपाचा मलेरिया झाला. ताप उतरेना, तरीही ते औषध घेईनात. देशभर काळजी पसरली. मोठमोठ्या नेत्यांनी आणि सहकाऱ्यांनी विनवण्या केल्या. अखेर त्यांनी औषध घेतले, आणि ते बरे झाले.

हा प्रसंग महत्त्वाचा आहे. अंगात मलेरियाचे जंतू असतात, तेव्हा खणण्याने किंवा दह्या-दुधाच्या पथ्याने ते मरत नाहीत. त्यांना मारणारे औषधच लागते. विनोबांनी हट्ट आणखी ताणला असता, तर भूदान यात्रा कदाचित चांडिललाच संपली असती. औषध घेतल्यामुळे पुढची अकरा-बारा वर्षे ते चालत राहिले आणि लाखो एकर जमीन दान म्हणून मिळाली. आजार बरा होणारा होता, औषध नेमके होते आणि काम बाकी होते. अशा वेळी औषध नाकारणे शहाणपणाचे नव्हते, आणि शेवटी त्यांनी ते नाकारलेही नाही.

तीस वर्षांनी परिस्थिती वेगळी होती. १९७० पासून ते पवनार सोडून कुठे गेले नव्हते. वय ८७ झाले होते. नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी उपचार केले आणि सुरुवातीला विनोबांनी ते घेतलेही. ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून मात्र त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही थांबवले. सहकाऱ्यांनी आग्रह केला, पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या, पण निर्णय बदलला नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी सकाळी, पवनारच्या आश्रमात त्यांचे देहावसान झाले. अनेकांना तो साधकाचा शांत निरोप वाटला, तर उपचार चालू असताना ते सोडणे काहींना पटले नाही. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

विनोबांचे अन्नत्यागाचे पाऊल आध्यात्मिक साधनेतून आलेले होते. ते सामान्य माणसाने गिरवावे असे नाही. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे : हे औषध कशासाठी, आणि आता त्याचा उपयोग किती?

वय वाढते तशी मूत्रपिंडांची औषध बाहेर टाकण्याची क्षमता कमी होते. त्यामुळे चाळिशीत सोसलेला डोस ऐंशीत जास्त ठरू शकतो. रक्तदाबाच्या गोळीने उठताना चक्कर येते, झोपेच्या गोळीने तोल जातो, आणि एका पडण्यात खुब्याचे हाड मोडते. मधुमेहाच्या औषधाने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. सांधेदुखीवर रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात. कधी एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, ती सूज उतरवायला लघवीची गोळी सुरू होते, मग तिच्या परिणामांवर तिसरी. एकाच वेळी पाच किंवा अधिक औषधे चालू असतील, तर असे घोटाळे होण्याची शक्यता वाढते. वृद्धांसाठी कोणती औषधे शक्यतो टाळावीत याची पहिली यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बिअर्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये केली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते.

याचा अर्थ गोळ्या आपल्या मनाने बंद कराव्यात असा नाही. रक्तदाबाची, फिट्सची, स्टिरॉइडची किंवा झोपेची काही औषधे अचानक थांबवणे घातक ठरते. वर्षातून एकदा तरी घरातली सगळी औषधे, काढे आणि चूर्णांसकट, एका पिशवीत भरून नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि प्रत्येकाचे कारण विचारावे. जे नको ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एका वेळी एक, असे कमी करता येते. वृद्ध व्यक्ती एकाएकी जेवण आणि औषध नाकारू लागली, तर त्यामागे नैराश्य असू शकते. ते उपचारांनी बरे होते, म्हणून त्याकडे वैराग्य समजून दुर्लक्ष करू नये.

शेवटच्या टप्प्यावर, बरे होण्याची आशा उरलेली नसताना, यंत्रांच्या आधाराने आयुष्य लांबवायचे की नाही, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते.

चांडिलला विनोबांनी औषध घेतले, पवनारला सोडले. दोन्ही वेळा ते शुद्धीवर होते आणि निर्णय त्यांचा होता. घरातल्या आजी-आजोबांनाही निदान तेवढे विचारले जावे : काय घेता आहात, कशासाठी घेता आहात, आणि पुढे काय हवे आहे?