विस्मृतीचा वेध घेणारे डॉ. अल्झायमर

माझे वडील दरबारी गवई. अखेरच्या वर्षांत त्यांना घरची माणसे ओळखू येईनात. तंबोऱ्याची तार उतरली, की मात्र कपाळाला आठी पडे. डॉक्टरांनी दुखण्याचे नाव अल्झायमर असे सांगितले. गळा वडिलांचा घेतलास असे जुने श्रोते मला म्हणतात, तेव्हा हे दुखणेही घेतले असेल काय, ही शंका मनात डोकावतेच. म्हणून त्या नावाच्या गृहस्थांची हकीकत मी मिळवून वाचली.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १८६४ साली बव्हेरियातील मार्क्टब्राइट या लहान गावी झाला. वैद्यकीचे शिक्षण संपवून १८८८ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. १९०१ च्या नोव्हेंबरात तेथे औगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. पतीचे नाव विचारले तरी ती स्वतःचेच सांगे. नाव लिहावयास घेई आणि मध्येच थांबे. त्याच वर्षी अल्झायमरांची पत्नी निवर्तली होती, तीन मुले पदरी होती. तरी या बाईशी झालेली प्रश्नोत्तरे त्यांनी तारीखवार टिपून ठेवली.

पुढे ते म्युनिकला क्रेपेलिन यांच्याकडे गेले. १९०६ मध्ये औगुस्टे वारली, तेव्हा तिचा मेंदू त्यांनी तपासावयास मागविला. पेशींत गुंतलेले तंतू आणि पेशींबाहेर साचलेले पुंजके त्यांना दिसले. ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकारास त्यांचे नाव दिले. १९१५ साली ब्रेस्लाऊ येथे अल्झायमर वारले, तेही वयाच्या ५१ व्या वर्षी.

आनुवंशिकतेचा उलगडा फार उशिरा होऊ लागला. २१ व्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोष १९९१ मध्ये, तर प्रिसेनिलिन जनुकांतील दोष १९९५ मध्ये सापडले. ते मोजक्याच कुटुंबांत असतात. पण ज्याला मिळतात त्याला हे दुखणे बहुधा साठीच्या आतच गाठते. १९९३ मध्ये सापडलेला एपीओई जनुकाचा ई-४ प्रकार मात्र पुष्कळांत असतो. आईबापांपैकी एकाकडून तो आला, तर धोका सुमारे तिप्पट होतो; दोघांकडून आला, तर त्याहून बराच अधिक. तरीही तो असलेले कित्येक जण अखेरपर्यंत शाबूत राहतात, आणि नसलेल्यांनाही हा विकार होतो.

औगुस्टेच्या मेंदूच्या काचपट्ट्या पुढे म्युनिकला सापडल्या. २०१३ मध्ये काही संशोधकांनी त्यांत प्रिसेनिलिनचा दोष असल्याचे सांगितले. २०१४ मध्ये इतरांना तो आढळला नाही.

वडिलांचे दुखणे सत्तरीनंतरचे. त्यांच्याकडून मला काय आले, हे तपासून घ्यावे की नाही, ते मी अद्याप ठरविलेले नाही. त्यांनी शिकविलेल्या चिजा मात्र रोज एक याप्रमाणे, तारीख घालून, वहीत उतरवीत आहे.