आगरकरांचा सदरा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आपल्या तुकडीच्या ग्रुपवर आला आणि मला नववीतला एक तास आठवला. मराठीच्या बाई गोपाळ गणेश आगरकरांची गोष्ट सांगत होत्या. कॉलेजात शिकताना त्यांच्याकडे एकच सदरा होता. रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात जायचं. सांगता सांगता बाईंचा आवाज भरून आला. शेवटच्या बाकावरच्या मंडळींनीसुद्धा (कोण ते त्यांना माहीत आहे) त्या दिवशी दंगा केला नाही. मी शिक्षिका व्हायचं ठरवलं ते त्या तासाला, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले.

पंचवीस वर्षं शिकवून झाल्यावर तोच सदरा मला पुन्हा भेटला, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत.

त्या वर्षी माझ्याकडे साठ-साठ मुलांचे दोन वर्ग होते. शिवाय मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी आणि रात्री जेवणं झाल्यावर ऑनलाइन माहिती भरणं. झोप उडाली होती. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. एके दिवशी मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा टेबलापाशी आला आणि आईबद्दल काहीतरी सांगू लागला. मी पेपरवरची मान वर न करता त्याला जागेवर जाऊन बसायला सांगितलं. चार दिवसांनी कळलं, त्याची आई इस्पितळात होती. खरी भीती वाटली ती पुढे. हे ऐकूनही माझ्या आत काहीच हललं नाही.

डॉक्टरांनी महिनाभर रजा घ्या म्हणून लिहून दिलं. ते घेऊन गेले, तर मुख्याध्यापकांनी मला शिक्षकी पेशा हे व्रत असल्याची आठवण करून दिली आणि आगरकरांच्या सदऱ्याचा दाखला दिला. माणूस वाईट नव्हता, तेही दमलेलेच होते. मी मान खाली घालून घरी आले.

डॉक्टरांनी या अवस्थेला बर्नआउट म्हटलं होतं. हा शब्द या अर्थाने रुळवला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये आणि स्वतःमध्येही त्याला ही अवस्था दिसली होती. म्हणजे तिचं पहिलं वर्णन झालं ते दुसऱ्यांची काळजी घेणाऱ्यांचं. हे वाचून जरा बरं वाटलं. पण सदरा काही डोक्यातून जाईना. म्हणून रजेत गावच्या वाचनालयातून आगरकरांची चरित्रं आणली आणि पहिल्यांदाच ती नीट वाचली.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६चा, कराडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण. मध्येच कचेरीत उमेदवारी, मध्येच दवाखान्यात कंपाउंडरचं काम. अकोल्याला विष्णु मोरेश्वर महाजनींसारखा शिक्षक लाभला आणि मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. सदऱ्याची गोष्ट इथली. टिळकांची गाठही इथेच पडली. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे दोघांनी ठरवलं. मुलगा आता मोठ्या पगाराला लागेल, या आशेवर असलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहून कळवलं, की पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. बाईंनी आम्हाला हे पत्रही सांगितलं होतं. ते वाचून त्या आईला काय वाटलं असेल, हा विचार तेव्हा मनात आला नाही. आता येतो.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं आणि एम. ए. होऊन आगरकर तिथे शिकवू लागले. १८८१ साली केसरी सुरू झाला, त्याचे संपादक तेच. कोल्हापूरच्या दिवाणांच्या प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. तिथेही हात स्वस्थ नव्हता. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठी रूपांतर तिथलं. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. शिकवायचं, संस्थेचं काम पाहायचं, वर्तमानपत्र चालवायचं. त्यातच वाक्यमीमांसेवर पुस्तक. आपण शाळेत वाक्यांचं पृथक्करण करताना ज्यांच्या नावाने खडे फोडले, त्यांत आगरकरही होते म्हणायचे! आणि हे सगळं दमा सांभाळून.

यानंतरचं प्रकरण मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं, आणि मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसावं. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं सेवेचं वचन देत आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर काम करत. संसार वाढला तसे आगरकरांना ते पुरेनात आणि त्यांनी पगारवाढ मागितली. होय, एका सदऱ्यावर शिकलेल्या त्याच आगरकरांनी. टिळकांचा विरोध होता. संस्था त्यागावरच उभी आहे, तो पाया ढिला केला तर सगळंच ढासळेल, अशी त्यांची धास्ती. सदस्यांनी बाहेरची कामं करून मिळकत करावी की नाही, यावरूनही वाद पेटला. टिळकांचं म्हणणं, सदस्याने सगळा वेळ संस्थेला द्यावा. आगरकर आणि गोखले यांच्या बाजूचं म्हणणं, नेमलेलं काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. सामाजिक सुधारणेवरून मतभेद होतेच. त्यापायी आगरकरांनी १८८७ साली केसरी सोडला होता. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. भांडण फार कडवट झालं. टिळकांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. संस्था चालवणं किती अवघड, ते मी जवळून पाहिलं आहे. पण ही पानं मी दोनदा वाचली. त्यागाला मर्यादा असते आणि ती उघडपणे मागता येते, हे त्यागासाठीच प्रसिद्ध असलेल्या माणसाने दाखवलं होतं, आणि शिक्षक दिनाच्या भाषणांत आपण नेमकं तेवढंच गाळत आलो.

उरलेला वेळ आगरकरांनी विश्रांतीला दिला, असं मात्र नाही. १८८८ साली त्यांनी सुधारक काढला. इंग्रजी बाजू गोखल्यांकडे, मराठी यांच्याकडे. बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण यांवर इतकं रोखठोक लिहिलं, की पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. स्वतःच्या घरात मात्र पत्नी यशोदाबाईंवर त्यांनी आपली मतं कधी लादली नाहीत. मला हे त्यांच्या लेखांइतकंच मोठं वाटतं.

१८९२ साली प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले. आपण ज्यांचा संस्कृत कोश वापरतो, तेच हे. वय अवघं चौतीस. त्याच्या दहा वर्षं आधी विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले, तेव्हा तेही बत्तीस पुरे नव्हते. सगळे कामानेच गेले असं म्हणणं बरोबर नाही. त्या काळी साध्या आजारालाही औषध नव्हतं. पण आपट्यांच्या रिकाम्या खुर्चीवर दम्याने बेजार झालेल्या आगरकरांना बसावं लागलं. तीन वर्षं त्यांनी कॉलेज सांभाळलं, सुधारकही लिहीत राहिले. १७ जून १८९५ रोजी ते गेले. एकोणचाळिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. मुलं लहान होती. केसरीत टिळकांनीच त्यांच्यावर लिहिलं. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी तेवढे पैसे पुडीत बांधून बाजूला ठेवले होते, असं सांगतात. ती पुडी मला सदऱ्यापेक्षा जास्त छळते.

मी महिन्याची रजा पुरी घेतली. परतल्यावर ऑनलाइन माहितीचं काम दुसऱ्या कोणाला द्या, असं लेखी मागितलं. मिळालं नाही; दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा निम्मं कमी झालं. त्या मुलाला बोलावून आईची चौकशी केली. ती घरी आली होती. तो मला सगळं नव्याने सांगत बसला, आणि या वेळी मला ऐकू आलं.

बाई स्नेहसंमेलनाला येणार आहेत. आपल्या वर्गात तेव्हा चौसष्ट मुलं होती आणि दर सोमवारी तपासलेल्या निबंधाच्या वह्या परत मिळायच्या, हे माझ्या आत्ता ध्यानात येतंय. त्या तासाला बाईंचा आवाज नेमका कशाने भरून आला होता, ते मला त्यांना विचारायचं आहे.