अंगणात आलेली शाळा

यंदाच्या अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणा, असे मराठीच्या सरांनी सांगितले, तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी ठरलेली मोठी नावे घेतली. मी कै. ताराबाई मोडक यांचे नाव सांगितले. सरांना आनंद झाला, पण त्यांनी कारण विचारले तेव्हा मला वर्गात उत्तर देता आले नाही. ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. येथे लिहिते आहे, कारण लिहिताना समोर कोणी बसलेले नसते.

आमचे गाव अहमदपूरपासून फार दूर नाही. बालाघाटाच्या उतारावरची मुरमाड जमीन, आणि तीही दीड एकर. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. उन्हाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी आईबाबा कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ते पाडव्याच्या सुमारास परततात. मागे आम्ही दोघे आणि आजी. मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा होता, त्या वर्षापासून त्याला प्रथमच आजीपाशी ठेवले. लेकरू रडेल म्हणून आईबाबा पहाटे, तो झोपेत असताना, निघून गेले. तो उठला तेव्हा गाडी कुठल्या कुठे गेली होती. त्या दिवसापासून तो रात्री झोपेना. झोपला की माणसे नाहीशी होतात, असे त्याने मनाशी धरले असावे. हे मला आज कळते. तेव्हा आम्हाला एवढेच दिसे की पोर जमिनीवर लोळण घेते, डोके आपटते, स्वतःचे मनगट चावते. आजीने मीठमोहऱ्या उतरून टाकल्या, अंगारा लावला. कोणी म्हणाले हट्टी आहे, चार फटके द्या.

मी ते दिले. शाळेत भावाला घेऊन बसायचे नाही अशी ताकीद मला मिळाली होती. परीक्षेच्या दिवशी त्याने माझा हात सोडेना म्हणून दंडाला चावा घेतला, तेव्हा मी त्याला शेवरीच्या काठीने मारले, शेळ्यांच्या कोठ्यात कोंडले आणि बाहेरून कडी घालून पेपर लिहायला गेले. आजी रोजगाराला गेली होती. संध्याकाळी कडी काढली तेव्हा तो कडब्यावर निजलेला होता. आज तो चौदा वर्षांचा आहे. फळीवरचा डबा काढण्यासाठी मी हात वर केला, तरी तो मान आत ओढून घेतो.

गेल्या वर्षी ग्रंथालयात पुस्तके लावू लागत असताना एका पातळ पुस्तकात ताराबाईंनी लिहिलेल्या पुस्तकांची यादी दिसली. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’. हट्ट हा पुस्तक लिहिण्याजोगा विषय आहे, हेच मला ठाऊक नव्हते! मी उभ्यानेच त्यांचे चरित्र वाचू लागले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई यांचा हा पुनर्विवाह होता. एकोणिसाव्या शतकात विधवेशी विवाह करणे म्हणजे जातगोत, लग्नकार्य, पंगत या सगळ्यांवर पाणी सोडणे. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोक काय म्हणतील ही भीती थोडी कमी वाटत असावी, असे मला त्यांचे पुढचे आयुष्य पाहून वाटते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. आमच्या घरात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला पोहोचलेली मी पहिली, आणि ते आज; ताराबाई शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी पदवीधर झाल्या होत्या, हे वाचून मी पुन्हा एकदा साल तपासून पाहिले.

पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली दोघे विभक्त झाले. त्या संसारात काय घडले याची चर्चा चरित्रकार करतात, मी करणार नाही. एवढे मात्र खरे की एकोणतीस वर्षांची स्त्री, पदरात प्रभा नावाची लहान मुलगी, आणि पाठीशी नवऱ्याचे घर नाही, अशा स्थितीत त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या जागेवर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. नोकरी मानाची होती, पगार चांगला होता. दोन वर्षांत त्यांनी ती सोडली.

सोडण्याचे कारण भावनगरला होते. तेथे दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ १९२० पासून एक बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारात असताना इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पुस्तके त्यांच्या हाती आली आणि वकिली सुटली. माँटेसरी स्वतः डॉक्टर होत्या. मंदबुद्धी म्हणून वेगळ्या काढलेल्या मुलांसाठी त्यांनी प्रथम काम केले आणि मग १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह काढले. मूल बिघडलेले नसते, त्याच्या हाताला आणि मनाला योग्य काम मिळालेले नसते, असा त्यांचा अनुभव होता. हाच धागा गिजुभाईंनी धरला. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती आणि बक्षीसही नव्हते. छडी नसावी हे मला पटकन पटले, बक्षीस का नसावे यावर मात्र मी बराच विचार केला. बक्षिसासाठी शहाणे वागणारे मूल बक्षीस संपले की शहाणपण सोडते, आणि ज्याला ते मिळत नाही ते मूल आपल्याला वाईट समजू लागते, असे त्याचे कारण आहे.

१९२३ साली ताराबाई भावनगरला आल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. भाषा गुजराती, तीही त्यांनी आपली केली. मुलांना नुसते शिकवायचे नाही तर पाहायचे, हे येथे त्या शिकल्या. मूल केव्हा रडते, त्याआधी काय झाले होते, ते भुकेले होते का, झोपेला आले होते का, चालू असलेले त्याचे काम कोणी मध्येच हिसकावले का, की मोठ्या माणसांनाच घाई होती? हट्टाच्या आधीचा हा अर्धा तास कोणी पाहत नाही. सगळे पाहतात ते लोळण घेतल्यानंतरचे. माझ्या भावाच्या बाबतीत तो अर्धा तास म्हणजे ती पहाट होती.

१९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. आईबाप आणि शिक्षक यांच्यापर्यंत हे विचार जावेत म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, आधी गुजराती आणि पुढे मराठी. मराठीची जबाबदारी ताराबाईंची. माझ्या मते त्यांच्या कामाचा हा भाग पुरेसा सांगितला जात नाही. मूल सुधारायचे असेल तर आधी त्याला सांभाळणाऱ्याशी बोलले पाहिजे, त्याला दोष न देता बोलले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. मारणारी आई राक्षसीण नसते. ती थकलेली असते, आणि मारण्यावाचून दुसरे काय करायचे हे तिला कोणी दाखवलेले नसते. नऊ वर्षांच्या बहिणीची तर गोष्टच सोडा.

१९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले, त्याबरोबर बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही. संस्था नावारूपाला आली. १९३९ साली गिजुभाई गेले. त्याच वर्षी माँटेसरीबाई भारतात आल्या आणि शहरांतून त्यांच्या पद्धतीचा बोलबाला झाला. ताराबाईंना पुष्कळजण भारताच्या माँटेसरी म्हणतात. मला ते फारसे पटत नाही. कारण खरे काम त्यांनी केले ते ही पद्धत जिथे मुळीच चालणार नाही अशा ठिकाणी जाऊन. लाकडी ठोकळ्यांचे, मण्यांचे ते महागडे साहित्य शिशुविहारात येणाऱ्या घरांना परवडणारे होते. पांढरपेशा मुलांपुरतेच हे राहणार काय, असा प्रश्न त्यांना पडला, आणि १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. (आज हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.) तेथे त्यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. त्या वयाला आमच्याकडे बाई सुनेच्या हातचा चहा घेऊ लागते.

बोर्डीत त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. पुढे शिकून पुण्यात शिक्षिका झाल्या होत्या. एक नवऱ्यापासून विभक्त, दुसरी बालविधवा. ज्यांचा संसार मोडला असे जग म्हणत होते, अशा या दोघींनी शेकडो मुलांचे संगोपन केले.

आता जो प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला तो. केंद्र सुरू झाले, पण गरिबांची मुले येईनात. बोलावले तर पळून जात. तेव्हा ताराबाईंनी उलट केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल! शिक्षिका हरिजनवाड्यात आणि पाड्यावर जाऊ लागल्या, एखाद्या घरापुढचे अंगण झाडून तिथेच बसू लागल्या. आधी अक्षरे नाहीत. आधी अंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे, मग गाणे, गोष्ट. साहित्य म्हणजे शिंपले, खडे, बिया, पाने. हीच अंगणवाडी. आया दारातून हे सगळे पाहत. मुलाला न मारता नाहू घालता येते, हे त्यांना व्याख्यानाने सांगावे लागले नाही.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली वस्तीत हलले. त्या मुलखाने थोड्याच वर्षांपूर्वी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता. दारिद्र्य मात्र तसेच होते. येथे नवीच अडचण आली. सहासात वर्षांची मुले येत नसत, कारण काहींना गुरे राखायची असत आणि काहींच्या कडेवर धाकटी भावंडे असत. मग गुरे चरतात त्या माळावर शिक्षक जाऊन बसू लागले, तिला कुरणशाळा म्हणत. आणि भावंडांचे काय? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या. तिला नाव दिले विकासवाडी. थोरलीने धाकट्याला घेऊन यायचे, त्याला पाळण्यात द्यायचे आणि पलीकडे वर्गात जाऊन बसायचे. मधल्या सुट्टीत त्याला पाहून यायचे.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. ग्रंथपालांनी बरे नाही का, असे विचारले.

बाकीचे थोडक्यात सांगते. ताराबाई काही काळ मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. हे पाहायला त्या नव्हत्या. अनुताई १९९२ पर्यंत काम करीत राहिल्या. आमच्या गावच्या अंगणवाडीत तक्ते आहेत, वजनकाटा आहे, खिचडी शिजते. ताराबाईंचा फोटो नाही, आणि सेविकाताईंना मी नाव सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

गेल्या दिवाळीनंतर काका-काकूही टोळीबरोबर गेले. त्यांचा मुलगा साडेतीन वर्षांचा. काकू नेहमीप्रमाणे पहाटे गुपचूप निघणार होती. मी तिला म्हटले, त्याला आधी सांगा. आजी माझ्यावर रागावली, चांगले झोपलेले लेकरू रडवतेस म्हणाली. तरी काकूने आदल्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन सांगितले, आणि सकाळी तो जागा असताना गाडीत बसली. तो रडला, खूप रडला. माझ्या भावाने त्याला खांद्यावर घेतले आणि धुरळा बसेपर्यंत दोघे रस्त्याच्या कडेला उभे होते.

मी एका गाडग्यात वीस चिंचोके घालून ठेवले. दर रविवारी एक काढायचा, गाडगे रिकामे झाले की आई येते. आठव्या रविवारी मोजले तर आत पाचच उरले होते. माझ्या भावाने त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले की आई लवकर यावी म्हणून तो रोज एक काढून टाकत होता. भावाने परसातल्या चिंचेखालून सात चिंचोके वेचून आणले आणि त्याच्यासमोर, एकेक मोजत, पुन्हा गाडग्यात टाकले.