बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४) हे मूकपटांच्या काळातील ख्यातनाम मराठी चित्रपट दिग्दर्शक, चित्रकार आणि शिल्पकार होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते संस्थापक होत.

सुरुवातीचा काळ

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरात कारागिरांच्या घराण्यात झाला. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने आत्मसात केली. नात्याने भाऊ असलेल्या आनंदराव पेंटर यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यावरूनच ‘पेंटर’ हे नाव रूढ झाले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर (१९१३) दोघेही चित्रपटाकडे आकृष्ट झाले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. तरीही बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने देशी कॅमेरा तयार केला. तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पहिले चित्रपट

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. स्त्रियांच्या भूमिका त्यात स्त्रियांनीच केल्या होत्या. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षक भयभीत झाले आणि ते दृश्य पुढे वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

दृश्यशैली

ज्या हातांनी रंगभूमीचे पडदे रंगवले, त्यांनीच चित्रपटातून रंगीत पडदा दूर सारला. त्याऐवजी बाबूरावांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले, पात्रे प्रत्यक्ष वावरू शकतील असे नेपथ्य उभारले. चित्रणापूर्वी ते पात्रांची व वेशभूषेची रेखाटने करीत. त्यामुळे पडद्यावरील प्रत्येक चौकटीला चित्राची बांधणी लाभे. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारित ‘सिंहगड’मध्ये (१९२३) त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत.

‘सावकारी पाश’

नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) सावकारामुळे जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी होती. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पुराणातील आणि इतिहासातील वैभव दाखवण्यासाठी घडलेली शैली येथे दारिद्र्याच्या चित्रणासाठी वापरली गेली. समीक्षक या चित्रपटाला भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानतात. मात्र त्याला व्यावसायिक यश लाभले नाही आणि बाबूराव पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक विषयांकडे वळले. १९३६ मध्ये त्यांनी याच कथेवर बोलपट काढला.

उत्तरकाळ आणि वारसा

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी कंपनी सोडून प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. कोल्हापुरात शिकलेली नेपथ्याची आणि प्रकाशयोजनेची दृष्टी त्यांनी आपल्याबरोबर नेली. बोलपटांच्या युगात बाबूरावांनी मोजकेच चित्रपट केले. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) हा त्यांपैकी एक. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांच्या शैलीची ओळख मुख्यतः छायाचित्रे, भित्तिपत्रके, समकालीनांच्या आठवणी आणि शिष्यांच्या चित्रपटांतूनच करून घ्यावी लागते.