आनंदीबाई आणि बाळाचे पहिले दहा दिवस

पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात, आजोळी झाला. माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याणला गेले. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले आणि चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. वैद्यकीय मदत न मिळाल्याने मुलगा अवघे दहा दिवस जगला. डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते.

१८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, ते मांडले. त्याच वर्षी त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

या परंपरेत अंगावरच्या दुधाचा विचार बारकाईने झालेला आहे. सुश्रुतसंहितेत दूध पाजणारी दाई कशी निवडावी, दूध पाण्यात टाकून त्याची परीक्षा कशी करावी, हे सांगितले आहे. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते, तोवर बाळाला मध-तूप चाटवावे, असेही त्यात आहे. यातले निरीक्षण खरे आहे, कारण भरपूर दूध त्याच सुमारास येते. मात्र त्याआधी येणारा पिवळसर, दाट चीक हेच बाळाचे पहिले अन्न असते, हे आजचे विज्ञान सांगते. चीक थोडाच येतो, पण त्यात प्रथिने, अ जीवनसत्त्व आणि जंतूंपासून रक्षण करणारी प्रतिद्रव्ये भरपूर असतात. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. मध, गुटी, साखरपाणी देऊ नये. मधातील जिवाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध नकोच.

पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. पाजणे नीट होत असेल, तर साधारण दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत येते. याच काळात चिकाचे हळूहळू नेहमीच्या दुधात रूपांतर होते. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे एक ग्रॅम प्रथिने, सात ग्रॅम दुग्धशर्करा आणि चार ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. गाईच्या दुधात प्रथिने याच्या तिप्पट असली, तरी तान्ह्या बाळाला ती पेलत नाहीत. बाळाचे वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा लागत नाही. ड जीवनसत्त्व मात्र आईच्या दुधात कमी असते, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंबांतून द्यावे. बी-१२ आईच्या आहारावर अवलंबून असते. त्यामुळे शाकाहारी बाळंतिणीने दूध-दही घ्यावे आणि गरज पडल्यास बी-१२ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आनंदीबाईंची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली होती. पण क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीसही पूर्ण झाली नव्हती. शिकलेली विद्या येथील बाळंतिणींसाठी वापरायची संधी त्यांना मिळालीच नाही.

आज आशा कार्यकर्ती तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, आणि पुढेही ठरावीक दिवशी घरी येऊन बाळाचे वजन करते आणि पाजणे कसे चालले आहे ते पाहते. बाळ नीट ओढत नसेल, सुस्त पडून राहत असेल, दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल किंवा चौदाव्या दिवशीही वजन जन्माइतके झाले नसेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आनंदीबाईंच्या बाळाला न मिळालेली ही मदत आज आपल्या दारापर्यंत येते. तिचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे.